निशूआत्याची लाल पट्टी

निशूआत्याला दोन आवाज आहेत. ऑफिसचा फोन आला की ती खुर्चीत ताठ होते आणि बातम्या वाचणाऱ्या बाईसारखी बोलते, "हो सर. बघते सर. नाही सर, माझ्याकडे तर नीट चालतंय सर." फोन ठेवला की मधे श्वासही न घेता दुसरा आवाज सुरू, "मैत्रे, माजा चा तू पिलीस का गं? कप रिकामा कसा?"

जेवताना मी ही नक्कल केली की आईला हसून ठसका लागतो आणि आत्या मला लाटणं दाखवते. आबा मात्र ताटातून मान वर न करता म्हणतात, "फोनवाली निशू माज्या वलखीची नाय. चा मागनारी माजी."

आबा म्हणजे माझे आजोबा, कान्हा. जुईनगरचं स्टेशन झालं त्याच्या खूप आधीपासून इथे आमचं गाव आहे. त्या गावात आमची तीन मजली इमारत. खाली दुकानं, मधे भाडेकरू, वर आम्ही. आबांच्या लहानपणी इथे खाडी आणि मिठागरं होती. आता तिथे मार्बोनाइटची फरशी आहे, तरी भाडेकरूंनी फरशी पुसल्यावर पांढरे डाग राहिले की आबा वाकून बोट लावतात आणि समाधानाने सांगतात, "मीठ वर येतंय." ते फिनाइल असतं. कोणी बोलत नाही.

जमिनीच्या पैशातून इमारत झाली आणि एक ट्रेलर आला, म्हणजे कंटेनर ओढणारी ती लांबलचक गाडी. आबा स्वतः चालवायचे. मग बीपी वाढलं आणि स्टिअरिंगवर ज्ञानू आला. ज्ञानू बीडकडचा. न्हावा शेवा बंदराच्या बाजूला जी कंटेनरची यार्डं आहेत तिथे ट्रेलर जातो, आणि आबा बाजूच्या सीटवर बसून सोबत जातात. ज्ञानू म्हणतो, "आबा गाडीत नसले तर गाडी डावीकडं वढते." आबांचं वजन बघता हे खरंही असेल.

आत्या आबांची धाकटी, माझ्या बाबांची बहीण. कॉम्प्युटरचं शिकली, ऐरोलीला नोकरी करत होती, मग दिघ्याला लग्न झालं आणि नोकरी सुटली. काही वर्षांनी ती परत आली. का आली ते मला कोणी सांगितलेलं नाही. भिंती पातळ आहेत त्यामुळे मला माहीत आहे, पण ते इथे नको.

ती आली तो दिवस मला आठवतो. रिक्षा, दोन बॅगा, एक कुकर. गल्लीतल्या काकू दारात आल्या. "आयली? किती दिस रावाची?" असं एकीने विचारलं, तेही इतक्या गोड आवाजात की ती नक्कल मी अजून कुणापुढे केलेली नाही. आत्या जिन्याच्या पहिल्या पायरीवर थांबली ती थांबलीच. वर येईना, मागे जाईना. आबा अर्धा जिना उतरून गेले आणि म्हणाले, "मागं कं बघतंस? वर ये. तुजी जागा धरून ठेवलीय."

धडधडीत खोटं होतं ते. तिच्या खोलीत तेव्हा ट्रेलरचे दोन टायर, भाडेकरूंचे बंद पंखे आणि माझी मोडकी सायकल होती. आबांनी आत्याला आधी जेवायला बसवलं. तिचं जेवण होईपर्यंत ज्ञानू आणि बाबांनी टायर गच्चीवर नेले. आत्या हात धुऊन आत गेली तेव्हा खोलीत फक्त पलंग होता आणि जमिनीवर टायरचे दोन काळे गोल. ते गोल अजून आहेत. आत्या पुसू देत नाही.

पुढे तिने घरी बसून पुन्हा सगळं शिकायला घेतलं. ती सोडून गेली तेव्हाचं कोडिंग आणि आताचं कोडिंग यांत, तिच्याच शब्दांत, "पाटा-वरवंटा आणि मिक्सर" एवढा फरक पडला होता. शेवटी तुर्भ्याला एका छोट्या ऑफिसात नोकरी मिळाली, पण कच्ची. काम बघू, मग पक्की करू. मधे एवढी वर्षं रिकामी असलेल्या बाईला तेवढंही कोणी देत नव्हतं. म्हणून त्या 'पक्की' शब्दाकडे आमचं सगळं घर डोळे लावून बसलं होतं. आबांनी तर गावदेवीला आधीच नारळ बोलून ठेवला होता.

तिला दिलेलं काम ऐकून आबा दोन दिवस हवेत होते. एका कंटेनर यार्डासाठी वेबसाइट करायची होती. ड्रायव्हरने फोनवरूनच यार्डात आत जायची वेळ घ्यायची, म्हणजे रस्त्यावर तासन् तास रांग नको. आबांनी ते नाक्यावर, चहाच्या टपरीवर आणि यार्डाच्या गेटवर सगळीकडे सांगितलं. "ती फोनमदली जागा घेवाची ना? माज्या पोरीनी बनिवलीय."

आत्याने मला एकदा समजावलं होतं की या साइटला पान एकच असतं. आपण बटण दाबतो, तेव्हा नवीन पान येत नाही. नाटकात रंगमंच तोच राहतो आणि मागचा पडदा बदलतो, तसं. आणि प्रत्येक पडदा बदलण्याआधी एक गार्ड उभा असतो. तो तपासतो, तू लॉगिन केलंयस का? गाडीचे कागद भरलेत का? असतील तर जा पुढे. नसतील तर तो तुला कागद भरायच्या पडद्याकडे वळवतो.

"म्हणजे मानसिंग," मी म्हटलं.

मानसिंग शेजारच्या टॉवरचा वॉचमन. डिलिव्हरीवाला पुढच्या गेटवर आला की तो खुर्चीवरून न उठता, नुसत्या हनुवटीने रस्ता दाखवतो, "भैया, पीछे के गेट से. सर्विस लिफ्ट लो." पिझ्झा मागच्या गेटने जातो आणि गरमच पोचतो.

"अगदी मानसिंग," आत्या म्हणाली. "त्याने नाही कुठे म्हटलंय? त्याने फक्त दुसरा रस्ता दाखवला."

तेव्हा आम्ही दोघी मानसिंगची हनुवटी करून खूप हसलो होतो. आणि मग एका संध्याकाळी राजवर्धन सरांचा फोन आला.

राजवर्धन सर आत्याचे बॉस. माणूस वाईट नाही, पण वाक्य पुरं करत नाही. अर्धं बोलतात आणि उरलेल्या जागी 'यू नो' ठेवतात. फोन स्पीकरवर होता कारण आत्याचे हात कणकेत होते.

"निशिगंधा, यार्डवाले वैतागलेत. ड्रायव्हर येतोय, कंटेनरचा नंबर टाकतोय, वेळ निवडतोय आणि ऐन बटण दाबल्यावर… यू नो."

"काय सर?"

"जातोय! परत जातोय! रांग जिथल्या तिथे आहे. तुमचा गार्ड जास्त कडक झालाय का? पुढच्या मीटिंगला हेच दिसलं तर ते काम पुण्याच्या टीमला देतील. आणि मग तुमच्या कन्फर्मेशनचं… यू नो."

यू नो. आम्हाला सगळ्यांनाच कळलं. आई गॅस बारीक करायचं विसरली.

आत्याने त्यानंतर गार्डची ओळ न् ओळ तपासली. गार्ड बरोबर होता. ज्याचे कागद पुरे त्याला सोडत होता, ज्याचा कागद राहिलाय त्याला कागदाच्या पानावर पाठवत होता. साइटच्या नोंदींमध्ये एक तक्रार पुन्हा पुन्हा दिसत होती खरी, की अमक्या पानाकडे निघालेल्याला गार्डने वाटेत दुसरीकडे वळवलं. मी खांद्यावरून बघून म्हटलं, "आत्या, हे लाल अक्षरांत आहे."

"ते काही नसतं गं. मागितलं होतं एक पान आणि पोचला दुसऱ्यावर, म्हणून राउटर, म्हणजे ते पडदे बदलणारा, कुरकुर करतो. त्याची सवय आहे. गार्डने काम केलं, एवढाच त्याचा अर्थ."

ती बरोबर होती. म्हणूनच तिला पुढचं दिसलं नाही.

शेवटी ती म्हणाली, "आबा, शनिवारी मी येते तुमच्याबरोबर यार्डावर. लोक फोन कसा वापरतात ते बघते."

आबांचा घास हातातच राहिला. "तू? कशाला? धूल हाय तिथं."

"असू दे."

"तुना शिंका येतान."

"रुमाल घेते."

"बायांना जावाला जागा नाय तिथं."

"आबा, माझी नोकरी जाईल रे."

मग आबांनी घास परत ताटात ठेवला. आम्हाला वाटलं काळजीने.

यार्डावरचा पुढचा प्रसंग मी पाहिलेला नाही. पण आबांनी, आत्याने आणि ज्ञानूने तो वेगवेगळा सांगितला आहे आणि तिघांचे आवाज मला येतात, त्यामुळे पाहिल्यासारखाच आहे.

यार्डाच्या अलीकडे रस्त्याच्या कडेला ट्रेलरची रांग लागते. ज्ञानूने गाडी टपरीपाशी लावली. आबांनी चष्मा नाकावर ओढला, फोन हाताच्या अंतरावर धरला आणि मुंगी चिरडावी तसं एकेक अक्षर दाबत कंटेनरचा नंबर टाकला. वेळ निवडली. 'जागा घ्या' दाबलं. आणि दुसऱ्या क्षणाला झटक्यात मागे जायचं बटण दाबून फोन मांडीखाली सरकवला.

"आबा, काय आलं?"

"काय नाय."

"दाखव."

"अगं काय नाय बोल्लू ना! नेट नाय."

"दाखव बघू. माझ्यासमोर परत दाब."

आबांनी ज्ञानूकडे पाहिलं. ज्ञानू म्हणाला, "दावा आबा. कवर झाकताव?"

आबांनी पुन्हा सगळं केलं. पुन्हा 'जागा घ्या'. आणि आत्याला पहिल्यांदा ते दिसलं. फोनच्या वरच्या अर्ध्या भागावर आडवी, ठसठशीत लाल पट्टी आली. 'काहीतरी चुकलं आहे.'

पट्टी तिनेच केली होती. फार आधी, इंटरनेट गेलं तर कळावं म्हणून. ऑफिसच्या मोठ्या पडद्यावर ती खाली कोपऱ्यात, तिकिटाएवढी दिसायची आणि विझायची. शिवाय तिच्या चाचणीच्या खात्यात सगळे कागद कायम पुरे असायचे. तिथे गार्डला कोणाला वळवायची वेळच फार येत नव्हती. इथे गाडीची पीयूसी नवी काढली होती आणि तिचा फोटो भरायचा राहिला होता. गार्डने आबांना इमानदारीने फोटोच्या पानावर पाठवलं होतं. त्यावर राउटर कुरकुरला, ती कुरकुर पट्टीच्या हाती लागली, आणि पट्टीने फोटोचं पान झाकून बोंब ठोकली.

"आणि तू मागे का जातोस?" आत्याने विचारलं.

उत्तर ज्ञानूने दिलं. "ताई, लाल आला की मागं घ्यायची. गेटावर न्हाई का, आडव्या दांड्याशी लाल दिवा लागला की म्या गाडी काढून घेतो बाजूला. तिथंच थांबलो तर मागचे हॉरन मारून जीव घेत्यात. लाल म्हंजे आपला नंबर गेला. शेवटाला जाऊन लागायचं. समदे ड्रायव्हर तसंच करत्यात."

"अरे, पण ते गेटवर! फोनवर तुझ्या मागे कोण उभंय?"

"हायत ना," आबा म्हणाले आणि काचेतून बाहेर बोट केलं. रस्त्याच्या कडेने ट्रेलरच ट्रेलर, आणि प्रत्येक केबिनमध्ये फोनवर वाकलेलं एक डोकं. "ह्ये सगले. आपन अरून बसलो तर त्यांना जागा कवा मिलाची?"

आपण मागे गेलो की आपली निवडलेली वेळ सुटते आणि दुसऱ्याला मिळते, हे आबांना ठाऊक होतं. म्हणूनच ते घाईघाईने मागे जात होते. सगळी रांगच अशी एकमेकांना वाट देत, एकेक करून मागे जात होती, आणि तुर्भ्यात राजवर्धन सर म्हणत होते, ड्रायव्हर पळतायत.

आत्या म्हणते, तेव्हा ती हसली. आबा म्हणतात, रडली. ज्ञानूला विचारलं तर म्हणतो, "म्या रस्त्याकडं बघत हुतो."

"कधीपासून येतंय हे लाल?"

"पयल्यापासून."

"पहिल्यापासून? आणि मला सांगितलं नाहीस?"

आबा फोन पुसत बसले. पुसायला काही नव्हतं. "तुजा काम हाय त्यो, निशू. नाक्यावं बोंबलत फिरलू, माज्या पोरीनी बनिवलाय. मंग घरान येऊन तुनाच सांगू, तुज्या कामान लाल येतंय? मना वाटला, आपलाच बोट जारा हाय, भलतंच दाबतंय. आपलाच कायतरी चुकला असल."

आत्याने पट्टी बोटाने बाजूला सारली. खाली फोटोचं पान शांतपणे वाट बघत होतं. "बघ. तुला हाकललं नव्हतं. फक्त इकडे पाठवलं होतं."

"मंग लाल कशाला?" आबा म्हणाले.

आत्याने तिथल्या तिथे आबांकडून शब्द घेतला, की यापुढे काहीही दिसलं तरी लपवायचं नाही. आबांनी गळ्याला हात लावून शपथ घेतली. ज्ञानूनेही घेतली, त्याला कोणी सांगितलं नव्हतं तरी.

घरी येऊन तिने सरांना फोन लावला. सगळं नीट सांगितलं, की ती खरी चूक नाही, वळवल्याची नुसती खबर आहे, आपण तिलाच चूक समजून दाखवतोय. सर खूश.

"म्हणजे एरर दिसतेय, हाच प्रॉब्लेम. मग दिसू देऊ नका! गिळून टाका. जे काही येईल ते गिळायचं. एका ओळीचं काम आहे, निशिगंधा."

"पण सर, सगळंच गिळलं तर…"

"मीटिंग जवळ आलीय. यू नो."

एका ओळीचं काम खरंच एका ओळीत झालं. राउटरकडून येईल ती तक्रार झेलायची आणि काहीही न करता सोडून द्यायची. पट्टी गेली. आत्याने चाचणी केली. पीयूसी नाही, तर फोटोचं पान, स्वच्छ, लाल काही नाही. त्या दिवशी ती स्वतःहून दोन कप चहा प्यायली आणि मला ओरडली नाही.

पुढच्याच फेरीहून आबा परत आले ते जिन्यात रेंगाळले. चपला काढल्या, परत घातल्या, परत काढल्या. सोफ्यावर बसले आणि घसा साफ केला. शपथ घशाशी आली होती, हे लांबूनही दिसत होतं.

"निशू."

"हं."

"तुजा पान चांगला हाय."

"आबा, काय झालं?"

"चांगलाच हाय. लाल बिल काय नाय. पन…" त्यांनी ज्ञानूकडे पाहिलं. ज्ञानू दारात उभा राहून छताचा पंखा बघत होता. "पन त्यो मुका झायलाय गं."

झालं होतं ते असं. रस्त्याकडेच्या कंटेनरच्या थप्प्यांजवळून जाताना फोनची रेंज गेली. नेमकं तेव्हाच आबांनी 'जागा घ्या' दाबलं. काहीच झालं नाही. लाल नाही, हिरवं नाही, पान जिथल्या तिथे. आबांनी विचार केला, लाल नाही म्हणजे झालं काम. ज्ञानूने गाडी थेट गेटवर नेली. गेटवर त्यांच्या नावाची वेळच नव्हती. चाळीस फुटांचा कंटेनर मागे घेऊन, सगळ्यांच्या देखत, मागच्यांचे हॉर्न खात त्यांना बाहेर यावं लागलं.

"पयला वरडत तरी व्हता," आबा म्हणाले. "आता मेला तरी बोलाचा नाय."

आत्याने डोळे मिटून घेतले. मला वाटलं आता ती सरांवर चिडेल. ती म्हणाली, "मला माहीत होतं. मी बोलणार होते आणि नाही बोलले." तो तिच्या दोन आवाजांपैकी कुठलाच नव्हता.

मग ती कामाला बसली, आणि आबा तिच्या शेजारी खुर्ची ओढून. आबांना स्क्रीनवरचं एक अक्षर कळत नव्हतं, पण नवीन शपथेचा अंमल चालू होता. आत्या मोठ्याने बोलत काम करते, त्यामुळे मला बाहेरून सगळं ऐकू येत होतं.

"आता तक्रार आली की आधी तिला विचारायचं, तू कुठली? गार्डने वळवलं म्हणून आलीस? मग लाल नाही. माणूस बरोबर जागी पोचलाय."

"बराबर."

"त्याने घाईत तेच बटण दोनदा दाबलं म्हणून आलीस? मग गप बस."

"माजा बोट दोनदा लागतंय कवा कवा."

"माहितीये. आणि तुझ्या गेलेल्या रेंजसारखं खरंच काही अडलं असेल, तर लाल. आणि नुसतं 'चुकलं' नाही म्हणायचं. रेंज नाही, जागा मिळालेली नाही, गेटवर जाऊ नका, असं सगळं सांगायचं. तो वाचेपर्यंत पट्टी हलायची नाही."

"त्यो लाल खरा," आबा म्हणाले. "त्या लालाला मी मानतंय."

"आता राहिला वळवलेला माणूस. निघाला एकीकडे आणि पोचला दुसरीकडे, हे का झालं ते त्याला कळायला नको का? त्या पानावर काहीतरी लिहायला हवं." आत्याची बोटं थांबली. मग ती हळूच म्हणाली, "आबा, तू चा घेऊन ये जा."

आबा चहा आणायला उठले, तेव्हा तिने काय लिहिलं ते त्यांनी पाहिलं नाही. मी पाहिलं. लिहून झाल्यावर ती कपाळ चोळत म्हणाली, "आता लिहिलंय तर तसं करायलाही लागेल." आणि उरलेला सगळा वेळ ती नवीनच काम करत होती. माणूस कागदाच्या पानावर असेपर्यंत त्याची निवडलेली वेळ सुटू द्यायची नाही, असं. हे तिला कोणी सांगितलं नव्हतं. सरांनी विचारलं असतं तर ते म्हणाले असते, याची गरज काय, यू नो.

नवीन पान चालू झालं तेव्हा ट्रेलरच्या विम्याचं नूतनीकरण झालेलं होतं आणि त्याचा फोटो भरायचा बाकी होता. आत्याने मुद्दाम बाकी ठेवायला लावला होता. ज्ञानू सांगतो, त्या दिवशी आबांनी 'जागा घ्या' दाबलं आणि सवयीने अंगठा मागे जायच्या बटणावर नेला. पण लाल आलं नाही. हळदीच्या रंगाची एक पट्टी आली, अंगठ्याच्या बरोबर वर. आबांनी ती अक्षर अक्षर लावत, मोठ्याने वाचली.

"थांबा. मागे जाऊ नका. एक कागद राहिला आहे, तो द्या. तुमची जागा धरून ठेवली आहे."

आबांनी अंगठा उचलला. पट्टी पुन्हा वाचली. मग ज्ञानूला म्हणाले, "कोनी लिवला असल रं ह्या? मानूस चांगला हाय."

"तुमचीच पोरगी की, आबा."

"पान तिचा. पन ह्या बोलना कोना मोठ्या मानसाचा वाटतंय."

ज्ञानूने गाडीची कागदपत्रं काढून दिली. आबांनी विम्याचा फोटो काढला, त्यात त्यांचा अंगठाही आला, आणि वेळ मिळाली. त्यांच्या पुढच्या केबिनमधला माणूस उतरून टपरीकडे आला तेव्हा आबा खिडकीतून ओरडले, "ओ, पिवला आला तर मागं जावाचा नाय! जागा धरलेली हाय तुमची!" त्या दिवशी आबा यार्डाच्या रस्त्यावर जवळजवळ मानसिंग होऊन उभे होते, हनुवटीसकट.

मीटिंग झाली त्या संध्याकाळी आम्ही सगळे जेवायला बसलो होतो. फोन वाजला. आत्याचे हात भातात होते म्हणून मी स्पीकर लावला.

"निशिगंधा, यार्डवाले खूश आहेत. रांग कमी झालीय. ते पिवळं फारच, यू नो. आणि ते तुमच्या कन्फर्मेशनचं…"

सर थांबले. नेहमीसारखं उरलेलं आम्ही समजून घ्यावं म्हणून. आईने हातातला डाव तसाच धरला. आबांनी मान वर केली नाही, पण त्यांचं चावणं थांबलं होतं.

आत्या ताठ झाली. मी ओठांनी तिच्याबरोबर 'हो सर' म्हणायची तयारी केली. ती म्हणाली, "कन्फर्मेशनचं काय, सर? पुरं बोला ना. घरातली सगली जेवायची थांबलीत."

बातम्यांवाली बाई कुठेच नव्हती. तिकडे सर एकदम गडबडले. "अं… म्हणजे, झालंय. पक्कं झालंय. एक तारखेपासून. लेटर उद्या देतो."

"बरं सर. जेवलात का तुम्ही?"

"मी? नाही अजून."

"मग जेवा."

मी फोन बंद केला. आई उगीचच सगळ्यांना भात वाढत सुटली, ज्यांच्या ताटात होता त्यांनासुद्धा. आबांनी ताटातून मान वर केली, आधी फोनकडे पाहिलं, मग आत्याकडे.

"ही कोन बोल्ली आता?"

"मीच की."

आबांनी डोळे पुसले नाहीत. मी नीट बघत होते. त्यांनी घास तोंडात टाकला आणि चावत चावत म्हणाले, "मैत्रे, उद्या सकाली नारल आनाचा हाय. आठवन दे." मग थोडं थांबून, "दोन आन. एक त्या पिवल्या पट्टीवाल्याचे नावानी."

आत्याने माझ्याकडे पाहिलं. जिन्यातलं ते एक वाक्य मी अजून आबांना त्यांच्याच आवाजात करून दाखवलेलं नाही.